हौसा भाषेतले वाहन-प्रवासाचे शब्द: यादी पाठ करण्याऐवजी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीनचाकींच्या सुट्या भागांच्या कामासाठी उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात सहा महिने राहायचं आहे. वाहनांच्या दीडशे हौसा शब्दांची यादी पाठ झाली आहे, पण ध्वनिफीत लावली की एकही वाक्य पकडता येत नाही आणि स्वतःचं वाक्यही जुळत नाही. चुकतंय कुठे?

मेहनत कमी पडलेली नाही. यादीत फक्त नामं आहेत, आणि हौसातल्या वाहनांची नामं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अडतं ते दोन ठिकाणी. एक, दोन नामांना जोडणारा छोटा प्रत्यय. दोन, चढणं-उतरणं-थांबणं-निघणं यांची आठ-दहा क्रियापदं. ही दोन पक्की झाली की यादीतले अर्धे शब्द तुम्ही स्वतः घडवू शकाल.

आधी लिपीबद्दल. हौसा आज मुख्यतः रोमन लिपीत लिहितात, तिला बोको म्हणतात. तिच्यात ब, ड, क यांच्यासाठी हुक (वळलेला आकडा) लावलेली वेगळी अक्षरं आहेत. यातला ड आपल्या ड सारखा नाही. तो हवा किंचित आत ओढत उच्चारतात, म्हणून इथे त्यासाठी सिंधीतलं ॾ वापरतो. उल्हासनगरकडचा एखादा सिंधी मित्र असेल तर त्याच्याकडून हा आवाज पाच मिनिटांत कानात बसवून घ्या, पुस्तकातून तो बसत नाही. क़ म्हणजे घशाशी हवा अडवून ताडकन सोडलेला क. उर्दूतला क़ तो नव्हे. झ हा इंग्रजी झेडसारखा, च ‘चहा’तला, ज ‘जीव’मधला. शब्दाच्या शेवटी काना दिला आहे तिथे दर वेळी लांब आ म्हणायचा असं नाही. काना दिला नाही तर मराठी वाचक तो स्वर गिळतो, म्हणून दिला आहे.

आता नामं. मोता म्हणजे मोटार, बस, तिरेला म्हणजे ट्रेलर, दिरेबा म्हणजे ड्रायव्हर, फसिंजा म्हणजे पॅसेंजर, तिकिती, बुर्की म्हणजे ब्रेक, इंजिन. ही इंग्रजीतून आली आणि हौसाच्या साच्यात बसली. तो साचा कळला की नवा शब्द ऐकताच ओळखू येतो. हौसात प नाही, त्याचा फ होतो: पॅसेंजरचा फसिंजा, पॅचचा फाची, पेट्रोलचा फेतुर, स्पॅनरचा सुफाना. व्ह नाही, त्याचा ब होतो, म्हणून दिरेबा. सुरुवातीचं जोडाक्षर चालत नाही, त्यामुळे एकतर स गळतो किंवा मध्ये स्वर शिरतो. स्ट्रीटचं तीती झालं, म्हणजे डांबरी रस्ता. स्टेशनचं ताशा झालं. स्टिअरिंगचं मात्र सितियारी झालं, तिथे स टिकला. आपल्याकडे गावात स्टेशनचं ‘ठेसन’ होतं, त्याच जातीची ही घडामोड आहे. हे तीन नियम लक्षात ठेवा आणि यादीतले चाळीसेक शब्द बाजूला काढा. ते पाठ करण्यात वेळ घालवू नका.

खरा अभ्यास सुरू करायचा तो जिर्गी या शब्दापासून. जिर्गी म्हणजे मुळात होडी, नाव. तिच्यापुढे ती कुठे चालते ते लावायचं: जिर्गिन रुवा हे पाण्यातलं, म्हणजे जहाज. जिर्गिन क़सा हे जमिनीवरचं, म्हणजे रेल्वेगाडी. जिर्गिन समा हे आकाशातलं, म्हणजे विमान. रुवा पाणी, क़सा जमीन, समा आकाश. चार शब्दांत तीन वाहनं आणि एक नियम. हेलिकॉप्टरला बातम्यांत जिर्गी मै सौकर उंगुलू म्हणतात: गिधाडासारखं उतरणारं जिर्गी. गिधाड सरळ खाली येऊन बसतं, धावपट्टीवर धावत नाही. हा शब्द एकदा समजून घेतला की सौका, म्हणजे उतरणं, जन्मभर विसरत नाही.

जिर्गीचं जिर्गिन झालं, हा न काय आहे? हाच तो जोडणारा प्रत्यय. मराठीतल्या ‘चा-ची-चे’चं काम तो करतो, फक्त क्रम उलटा. आपण ‘मोटारीचं दार’ म्हणतो. हौसात आधी दार, मग मोटार: क़ोफर मोता. पहिलं नाम पुल्लिंगी असेल किंवा अनेकवचनी असेल तर न, स्त्रीलिंगी एकवचनी असून शेवटी आ असेल तर र. इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. ‘मोटारीचा आरसा’, ‘मोटारीची टाकी’ यांत चा की ची हे मोटार ठरवत नाही; आरसा आणि टाकी ठरवतात. हौसातही तेच: मालक कोण याला महत्त्व नाही, वस्तू कोणत्या लिंगाची ते पाहायचं. इंग्रजीच्या वाटेने शिकणाऱ्याला हे महिनाभर छळतं. तुम्ही मराठीतून थेट या.

या प्रत्ययाची उदाहरणं कानोच्या रस्त्यावर पाट्यांच्या रूपात लटकलेली आहेत. सबोन गरी: नवं गाव. क़ोफर रुवा: पाण्याची वेस. क़ोफर माता: बायकांची वेस. जुन्या कानोला तटबंदी होती, तिच्या वेशींची ही नावं आज वस्त्यांना आणि बस-थांब्यांना चिकटली आहेत. शहराचा नकाशा समोर घ्या आणि क़ोफरने सुरू होणारी नावं शोधून काढा. व्याकरणाचा धडा आणि गावाची ओळख एकदमच होते.

तसेच ताशर मोता म्हणजे गाड्यांचा अड्डा, फिलिन जिर्गिन समा म्हणजे विमानतळ (शब्दशः विमानाचं मैदान), गिदन मै म्हणजे पेट्रोल पंप (तेलाचं घर), कुॾिन मोता म्हणजे भाडं (गाडीचे पैसे), मोतर हाया म्हणजे भाड्याची गाडी.

ऐकताना हा न फसवतो. पुढे ब किंवा म आला की बोलण्यात त्याचा म होतो. लिहिलेलं गिदन मै कानावर ‘गिदम मै’ पडतं, कुॾिन मोता ‘कुॾिम मोता’ पडतं. ध्वनिफितीत ओळखीचे शब्द हरवतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. यादीत शब्द सुटे होते. बोलण्यात ते एकमेकांत मिसळतात.

लिंगाच्या बाबतीत मराठीवर विसंबू नका. मोता स्त्रीलिंगी, इथवर जुळतं. पण सायकल मराठीत ती, हौसातली केके तो. रस्ता मराठीत तो, हन्या ती. पूल तो, गदा ती. टायर तो, ताया ती. रेल्वे ती, जिर्गिन क़सा तो. आ-कारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतात, पण काया (सामान) पुल्लिंगी आहे आणि दिरेबा माणूस असल्याने पुल्लिंगी. चूक ऐकू येते ती क्रियापदाआधीच्या सर्वनामात: गाडी निघाली म्हणजे मोता ता ताशी, विमान निघालं म्हणजे जिर्गी या ताशी. मोता या ताशी म्हटलंत तर लोक समजून घेतील, पण ‘गाडी निघाला’ ऐकल्यासारखं त्यांना वाटेल. म्हणून वहीत नुसतं मोता लिहू नका, मोता ता असं लिहा. नुसतं केके नको, केके या लिहा.

अनेकवचनांची लोक धास्ती घेतात. वाहनांच्या शब्दांपुरती एक चाल पुरेशी आहे: शेवटचा आ काढा, ओ लावा, आधीचं व्यंजन पुन्हा म्हणा, शेवटी ई लावा. हन्या, हन्योयी. ताया, तायोयी. दिरेबा, दिरेबोबी. ताशा, ताशोशी. फसिंजा, फसिंजोजी. मोताचं मोतोती व्हायला हवं, पण या अनेकवचनात ई पुढे त टिकत नाही, त्याचा च होतो: मोतोची. गदाचं तसंच गदोजी, कारण द चा ज झाला. जिर्गी वेगळ्या वळणाने जातो, जिरागे होतो. केकेचं केकुना, तीतीचं तीतुना. एवढी पुरेत.

आता दोन छोटे शब्द. मै म्हणजे ‘वाला’. मै मोता गाडीवाला, मै फाची पंक्चरवाला, मै बाबुर मोटारसायकलवाला. अनेकवचनात मै चं मासू होतं. घोटाळा असा की तेल किंवा इंधन यालाही मै च म्हणतात. फरक ओळखायची खूण आहे: इंधनाच्या मै ला जोड-प्रत्यय लागतो आणि त्याचं मन होतं, मन फेतुर म्हणजे पेट्रोल. ‘वाला’ अर्थाच्या मै ला काही लागत नाही, पुढचा शब्द तसाच येतो.

दुसरा शब्द ॾन, अर्थ ‘मुलगा’, पण वापर ‘अमुक धंद्यातला माणूस’ असा. ॾन सांदा म्हणजे काठीचा मुलगा, म्हणजे पोलीस. ॾन बारो म्हणजे बाजारात हातगाडीवर ओझं वाहणारा. ॾन अचाबा म्हणजे मोटारसायकलवर प्रवासी नेणारा. अनेकवचनात यन: यन सांदा, यन अचाबा. या यनच्या आधी घशात बारीकशी अडवणूक असते, ती ऐकून शिकायची. गाडीवर ड्रायव्हरबरोबर असणाऱ्या, प्रवासी गोळा करणाऱ्या पोराला करेन मोता म्हणतात, शब्दशः गाडीचा कुत्रा. शब्द सर्रास चालतो, पण परक्या माणसाने त्या पोराला तोंडावर हाक मारायला तो वापरू नये.

मेकॅनिकची गोष्ट तर पाहण्यासारखी आहे. हौसात जमातीच्या माणसाला ब हा उपसर्ग लागतो: एक हौसा माणूस बहौशे, अनेक हौसावा. मेकॅनिक हा शब्द आला तेव्हा लोकांनी तो याच साच्यात ओतला: एक बकानिके, अनेक कानिकावा. परका शब्द भाषेने किती पूर्णपणे आपलासा करावा याचा हा नमुना आहे. तुमच्या कामात हाच शब्द रोज लागणार आहे.

क्रियापदांकडे या, कारण पहिल्या महिन्यातली निम्मी मेहनत इथे गेली पाहिजे. हौ चढणं, शिगा आत शिरणं, सौका उतरणं, ताशी निघणं, त्सया थांबणं, जूया वळणं, तुक़ा चालवणं, जे जाणं, झो येणं, कै पोहोचवणं. दहा झाली. दर क्रियापदाची तीन रूपं एका श्वासात म्हणता आली पाहिजेत: ना सौका (उतरलो), झन सौका (उतरेन), इना सौका (उतरतोय). तिसऱ्या रूपात क्रियापदाऐवजी त्याचं नाम येतं आणि ते कधी कधी वेगळं असतं: ना हौ, झन हौ, पण इना हवा. त्सयाचं त्सयावा, तुक़ाचं तुक़ी. जे आणि झो दोन्हींचं झुवा. म्हणून इना झुवा म्हणजे ‘मी येतोय’ही आणि ‘मी जातोय’ही. ड्रायव्हर इना झुवा म्हणून गाडीपासून दूर चालू लागला तर गोंधळू नका. आपण घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो, तसंच ते आहे.

हवा हा शब्द मराठी कानाला सगळ्यात जास्त चकवतो. हौसात हवा म्हणजे स्वार होणं. अबिन हवा म्हणजे स्वार व्हायची वस्तू, अर्थात वाहन. अनेकवचनात अबाबेन हवा. चाकात भरायची हवा मात्र इस्का. टायरवाल्यापुढे हवा, हवा करून काही निष्पन्न होत नाही. तसंच नवा म्हणजे ‘किती’, आणि नव्याला सबो.

ताशी आणि सौका यांच्यावर जरा थांबा, कारण या दोन क्रियापदांचा पसारा मोठा आहे. माणूस उठतो, गाडी निघते, विमान उडतं, इंजिन सुरू होतं, इंधनाचा भाव चढतो: सगळीकडे ताशी. प्रवासी उतरतो, विमान उतरतं, पाहुणा मुक्कामाला पोहोचतो, सत्तेवरचा माणूस पद सोडतो: सगळीकडे सौका. मोता ता क़ी ताशी म्हणजे गाडी सुरूच होत नाही, शब्दशः ‘उठायला नकार देते’. प्रवासाला निघणाऱ्याला अ सौका लाफिया म्हणतात, सुखरूप उतरा. तुक़ा मुळात वल्हवणं आणि तुवो, म्हणजे तिथलं रोजचं पिठाचं अन्न, घोटणं. मोटार आली तेव्हा सितियारी फिरवण्यालाही तोच शब्द लागला. त्यावरून मातुक़ी म्हणजे चालक. वैमानिक तो मातुक़िन जिर्गिन समा.

स्वरांच्या चढउताराबद्दल मोघम सल्ले पुष्कळ मिळतात. नेमकं सांगायचं तर असं: हौसात उंच आणि खाली असे दोन सूर आहेत, आणि उंचावरून घसरणारा तिसरा. लेखनात ते दाखवत नाहीत. इना हे एकच पाहा. पहिला स्वर खाली, दुसरा वर असेल तर ‘कुठे?’ पहिला वर, दुसरा खाली असेल तर ‘मी …तोय’. इना ताशा? म्हणजे अड्डा कुठे आहे. इना ताशी म्हणजे मी उठतोय. कै चे तर तीन अर्थ आहेत: डोकं, (पुरुषाला) तू, आणि पोहोचव. का कै नी ताशा, मला अड्ड्यावर पोहोचव. क्वाना म्हणजे रात्र काढणं, म्हणून सकाळी इना क्वाना? असं विचारतात, आणि लेखनात तसाच दिसणारा क्वाना म्हणजे रस्त्याचं वळण, जो कॉर्नरवरून आला. वळण घेणं म्हणजे शा क्वाना, वळण पिणं. दीडशे शब्दांचे सूर पाठ करायला जाऊ नका. अशा सात-आठ जोड्या घ्या, हौसा माणसाकडून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि रोज दहा वेळा त्याच्या मागोमाग म्हणा. बाकीचे सूर वाक्यांबरोबर येतात.

आता अड्ड्यावरचं बोलणं. उत्तर नायजेरियात गावोगाव जाणाऱ्या भाड्याच्या गाड्या वेळापत्रकाने सुटत नाहीत, भरल्यावर सुटतात. म्हणून ‘गाडी किती वाजता?’ हा प्रश्न पाठ करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं: मोतर ता चिका? गाडी भरली का? उत्तर येतं सौरा मुतुम बियू, म्हणजे दोन माणसं बाकी. सौरा हा अड्ड्यावरचा सगळ्यात कामाचा शब्द आणि तो कुठल्याच यादीत सापडत नाही, कारण तो वाहन नाही. त्यापुढे आकडा ऐकू आला पाहिजे: ॾया, बियू, उकू, हुॾू, बियर, शिदा, बक्वै, तक्वस, तरा, गोमा. वीस अशिरिन, पन्नास हमसिन, शंभर ॾरी, हजार दुबू. शंभरच्या पुढे क्रम मराठीच्या उलट: पाचशे म्हणजे ॾरी बियर, शंभर आधी, पाच मागून. अडीचशे म्हणजे ॾरी बियू दा हमसिन. घाईत लोक ‘पाच-शंभर’ जोडायला जातात आणि गाडी अडते. आकडे पाहून नव्हे, ऐकून लिहायचा सराव करा. दुसऱ्याने वीस रकमा वाचायच्या, तुम्ही अंकात लिहायच्या. सोळा बरोबर येईपर्यंत अड्ड्यावर भाव करायला जाऊ नका.

शहरात फिरायला तीनचाकी. नायजेरियात तिला केके नापेप म्हणतात; २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नापेप. कानोत मात्र तिचं नाव अदैदैता सहू. नमाजाला उभं राहताना इमाम लोकांना सांगतात, रांगा सरळ कराव्यात: अ दैदैता सहू. कानो राज्य सरकारने समाजशिस्तीच्या एका कार्यक्रमाला हे नाव दिलं, आणि ते या तीनचाकींना कायमचं चिकटलं. जानेवारी २०१३ मध्ये कानोत मोटारसायकलवर प्रवासी नेण्यावर, म्हणजे अचाबावर, बंदी आली आणि अदैदैता हेच शहराचं मुख्य वाहन झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्या भारतातून, वाळूजसारख्या कारखान्यांतून गेलेल्या असतात. तुमचं काम त्यांच्याशीच असल्याने हा शब्द पहिल्या दिवसापासून जिभेवर हवा.

आणि या नावातला पहिला अ नीट पाहा. हा कर्ता न सांगता विनंती करण्याचा अ आहे, मराठीतल्या ‘थांबावं’, ‘कमी करावं’ सारखा. का त्सया म्हणजे ‘तू थांब’, बाईला की त्सया. अ त्सया म्हणजे ‘थांबावं’. वयाने मोठ्या ड्रायव्हरशी बोलताना, किंवा का म्हणावं की की हे सुचत नसताना, अ वापरा. त्यात उद्धटपणा येत नाही. अ सौका लाफिया मधला अ हाच.

तीनचाकी थांबवल्यावर पहिलं वाक्य भावाचं नसावं. आधी सन्नू (नमस्कार), मोठ्या माणसाला मालम असं संबोधन, मग काम:

– इना झा का? (कुठे जायचं?)
– कासुवर कुर्मी. नवा ने? (कुर्मी बाजार. किती?)
– ॾरी बियर. (पाचशे.)
– या यी यावा. अ रागे. (फार झाले. कमी करावेत.)
– ॾरी हुॾू. शिगा. (चारशे. बसा आत.)
– तो, मू जे. (बरं, चला.)

यातले आकडे सरावापुरते समजा, भाडी सतत बदलतात. वाटेत: का मीक़े, सरळ जा. का शा क्वाना अ हन्नुन दामा, उजव्या हाताला वळा. डावीकडे म्हणजे हन्नुन हगू. हा शब्द उच्चारताना मराठी माणूस बिचकतो आणि नुसता हात दाखवतो. मग ड्रायव्हरची पाठ आपल्याकडे असल्याने वळण चुकतं. हन्नुन आधी लावून स्पष्ट म्हणा, तिथे त्यात काहीच वावगं नाही. चौकातल्या गोल बेटाला शताले-ताले, सिग्नलला दंजा. उतरताना का सौके नी अ नान, मला इथे उतरवा: सौकाचा शेवट ए झाला की ‘उतरणं’चं ‘उतरवणं’ होतं. सुटे पैसे चंजी. इना चंजीना? माझे सुटे कुठे?

एक भाषेबाहेरची पण जिवाची गोष्ट: नायजेरियात २ एप्रिल १९७२ पासून वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. कडेला थांबा म्हणायचं असेल तर ‘अ हन्नुन दामा’, आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं. आपल्याकडची सवय दोन्ही ठिकाणी उलटी पडते.

कार्यशाळेसाठी बिघाडाची वाक्यं पूर्ण शिका, भागांची नावं सुटी नकोत. ताया ता यी फाची, टायर पंक्चर झालं. मै या क़ारे, इंधन संपलं. इंजिन या यी झाफी, इंजिन तापलं. बुर्की बा या कामावा, ब्रेक लागत नाही, शब्दशः ‘पकडत नाही’. मोता ता लालाचे, गाडी बिघडली. या पाच साच्यांत नाम बदलत गेलं की पंचवीस तक्रारी समजतात. गियरला गिया म्हणतात, आणि दारूलाही गिया. वाक्याच्या ओघात गोंधळ होत नाही, पण सुटा गिया न म्हणता गियर मोता म्हणणं बरं. ॲक्सिलरेटरला तोतुर म्हणतात, थ्रॉटलवरून आलेला शब्द.

वाचताना एक अडचण येईल. मोबाइलवरच्या संदेशांत आणि पाट्यांवर हुकाची अक्षरं बहुतेक जण लिहीत नाहीत. क़सा म्हणजे जमीन आणि कासा म्हणजे न जमणं, दोन्ही सारखेच दिसतात. ॾन चं दन होतं. म्हणून शब्द पहिल्यांदा शिकताना हुकासकट लिहा आणि शेजारी त्याचं उघडं रूपही लिहून ठेवा.

सरावाला बीबीसी हौसा आणि जर्मनीची डॉइचे वेले हौसा सेवा दोन्ही चांगल्या. बीबीसीची हौसा सेवा १९५७ पासून आहे आणि तिथली भाषा नीटस असते. पण बातम्यांची शब्दसंपदा अड्ड्यापेक्षा वेगळी. तिथे सुफुरी (वाहतूक), झिर्गा-झिर्गा (ये-जा), हत्सारिन मोता (अपघात), चुंकोसो (कोंडी) भेटतील. सौरा मुतुम बियू भेटणार नाही. अबुजा ते कादुना रेल्वे, जी जुलै २०१६ मध्ये सुरू झाली, तिच्याबद्दलच्या बातम्या शोधून वाचा. जिर्गिन क़सा, ताशा, फसिंजोजी, तिकिती, ताशी, सौका हे सगळे एकाच बातमीत मिळतात, आणि विषय ओळखीचा असल्याने अंदाज बांधता येतो.

वेळेची वाटणी अशी करा. पहिला आठवडा फक्त आकडे आणि सौका, त्सया, शिगा यांची तीन रूपं. दुसऱ्यात जिर्गी आणि मोता यांच्यापासून जोड-प्रत्ययाने रोज पाच शब्द स्वतः घडवा आणि बरोबर आहेत का ते हौसा माणसाला विचारा; चुकलेले जपून ठेवा, कारण तिथेच लिंग शिकाल. तिसऱ्यात वर दिलेला संवाद ठिकाणं आणि रकमा बदलून, दोन्ही बाजूंनी, पाठांतर न वाटेपर्यंत. चौथ्यात बिघाडाची वाक्यं. रोज वीस मिनिटं पुरतात, त्यातली निदान बारा तोंडाने. डोळ्यांनी वाचलेला हौसा शब्द कानाला ओळखू येत नाही, हे तुमच्या बाबतीत आधीच सिद्ध झालं आहे.

कामासाठी सीमा ओलांडून नायजरमधल्या मराडी किंवा झिंदरला जावं लागलं तर भाषा हौसाच, पण उसनवारी फ्रेंचची. पेट्रोलला तिथे फ्रेंचवरून एसांस, कस्टमला दुवान, मोटारसायकल-टॅक्सी कबू-कबू. आणि पैशांत मोठी अडचण: तिथले हौसा लोक फ्रँक पाच-पाचच्या गटाने मोजतात, त्या गटाला दाला म्हणतात. दाला ॾरी म्हणजे शंभर फ्रँक नव्हेत, पाचशे. ड्रायव्हरने शंभर म्हणून पाचशे मागितले असं वाटून लोक भांडायला उठतात. दाला ऐकू आला की आकड्याला आधी पाचाने गुणा, मग अ रागे म्हणा.